जोडीदाराचे ओपन वर्क परमिट: ठाण्यातून केलेल्या अर्जाची हकीकत

कॅनडात शिकणाऱ्या जोडीदाराच्या आधारावर मिळणाऱ्या ओपन वर्क परमिटसाठी, म्हणजे कोणत्याही मालकाकडे काम करू देणाऱ्या परवान्यासाठी, मी ठाण्यात राहून, एजंट न नेमता अर्ज केला. तो जून २०२५ मध्ये मंजूर झाला आणि आता मी सास्काटूनला पत्नीसोबत राहतो आहे. अर्ज करताना मी शोधून शोधून जे वाचले, त्यातले बरेचसे जुन्या नियमांवर आधारलेले होते आणि ते वाचून धीर येण्याऐवजी गोंधळच वाढला. म्हणून तारखा, खर्च आणि कागद आठवणीत ताजे आहेत तोवर सगळे क्रमाने लिहून ठेवतो आहे. नियम पुन्हा बदलू शकतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयआरसीसीच्या, संकेतस्थळावरचा मजकूर स्वतः वाचावा.

मी डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, केलेला लॅब टेक्निशियन. ठाण्यातील एका रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षे नोकरी केली. पत्नीला २०२४ मध्ये सास्काटूनच्या विद्यापीठात अन्नविज्ञानाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तेव्हा मी तिथे जाऊन कायदेशीरपणे काम कसे करू शकेन, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. मार्ग अनेक सांगितले जात होते. पहिला मार्ग तिथल्या एखाद्या मालकाकडून नोकरी मिळवण्याचा. त्यासाठी मालकाला बहुतेक वेळा एलएमआयए काढावा लागतो, म्हणजे या जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नाही हे सरकारला पटवून द्यावे लागते, आणि त्यातून मिळणारे परमिट त्याच मालकाशी बांधलेले असते. दुसरा मार्ग मी स्वतः विद्यार्थी म्हणून जाण्याचा, पण दोघांची फी भरण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते. काही जण म्हणाले की पर्यटक म्हणून जा आणि तिथे गेल्यावर नोकरी शोधून परमिट घे. परंतु नोकरीच्या आधारे पर्यटकांना देशातूनच असा अर्ज करू देणारी सवलत २८ ऑगस्ट २०२४ रोजी बंद झाली होती. उरला तो जोडीदाराचा ओपन वर्क परमिटचा मार्ग. यात मालक ठरलेला नसतो, नोकरी बदलता येते आणि अर्जाच्या वेळी हातात नोकरी असावी लागत नाही.

घोडबंदर रोडवरच्या एका कन्सल्टंटने मला दुसरेच सुचवले. काही लाख रुपये भरल्यास तो एलएमआयए असलेली नोकरी 'मिळवून' देणार होता. याबद्दल मला पोटतिडकीने सांगायचे आहे. एलएमआयएचे १,००० डॉलरचे शुल्क मालकाने भरायचे असते आणि ते कामगाराकडून वसूल करणे हा तिथल्या नियमांचा भंग आहे. अशा विकत घेतलेल्या नोकऱ्यांचे प्रमाण इतके वाढले होते, की मार्च २०२५ मध्ये कॅनडाने एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी गुणांवर निवड करण्याच्या पद्धतीत, नोकरीच्या प्रस्तावासाठी मिळणारे जादा गुणच काढून टाकले. पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या 'कॉलेज' नावाच्या नियामक संस्थेचा परवानाधारक किंवा तिथला वकील असावा लागतो आणि अर्जात त्याचे नाव प्रतिनिधी म्हणून द्यावे लागते. 'माझे नाव कुठे येणार नाही, तुमच्याच लॉगिनमधून भरू' असे कोणी म्हणाला, तर तिथून उठून यावे.

पत्नी डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गेली. मी तिच्यासोबतच अर्ज केला नाही. तिचे वर्ग सुरू होऊन नोंदणीचा पुरावा हातात आला की फाइल टाकायची, असे आम्ही ठरवले होते. १४ जानेवारी २०२५ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, नवा नियम जाहीर झाला: २१ जानेवारीपासून विद्यार्थ्यांच्या जोडीदारांपैकी फक्त किमान १६ महिन्यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, पीएच.डी.च्या आणि ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांचे जोडीदार पात्र राहतील. डिप्लोमा आणि साध्या पदवीच्या विद्यार्थ्यांच्या जोडीदारांसाठी हा दरवाजा मार्च २०२४ पासूनच जवळजवळ बंद होता. आता एक वर्षाच्या मास्टर्सवाल्यांसाठीही तो बंद झाला. पत्नीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असल्याने आम्ही पात्र होतो, तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही. ठाण्यातल्याच एका ओळखीच्या मुलीने नवऱ्याच्या एक वर्षाच्या मास्टर्सच्या भरवशावर नोकरी सोडली होती. तिची तयारी जवळजवळ पूर्ण झालेली होती.

या नियमामुळे एका कागदाचे महत्त्व एकदम वाढले. विद्यापीठाच्या ऑनलाइन खात्यातून आपोआप निघणाऱ्या नोंदणीपत्रात पत्नीचे नाव, चालू सत्र आणि पूर्णवेळ विद्यार्थी असल्याची नोंद एवढेच होते. अभ्यासक्रम किती महिन्यांचा, याचा त्यात उल्लेखच नव्हता. फाइल पाहणाऱ्या अधिकाऱ्याने १६ महिन्यांचा हिशेब कशावरून करायचा? म्हणून पत्नीने विभागाच्या कार्यालयात जाऊन वेगळे पत्र मागितले, ज्यात पदवीचे नाव, सुरुवात जानेवारी २०२५, अपेक्षित समाप्ती डिसेंबर २०२६ आणि एकूण कालावधी २४ महिने, असे स्पष्ट लिहून घेतले. हे पत्र यायला दहा-बारा दिवस लागले. माझ्या मते संपूर्ण फाइलमधला हा सर्वांत मोलाचा कागद होता आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही.

पासपोर्टचे काम त्याआधीच उरकले होते. माझा पासपोर्ट मार्च २०२६ मध्ये संपत होता आणि वर्क परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत, म्हणून तो नोव्हेंबरमध्येच नूतनीकरणाला टाकला. शुल्क १,५०० रुपये. ठाण्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात काम तासाभरात झाले. पोलीस पडताळणीला मात्र थोडे दिवस थांबावे लागले. त्याच वेळी पासपोर्टवर जोडीदाराचे नाव घालून घेतले, ज्याचा पुढे फार उपयोग झाला.

आता लग्नाच्या कागदांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या बहुतेक जोडप्यांची अडचण इथेच असते. आमच्या विवाहाची नोंदणी महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली ठाणे महानगरपालिकेत झालेली आहे. ज्यांनी केवळ लग्नपत्रिका आणि हॉलच्या पावतीवर काम भागवले आहे, त्यांनी आधी ही नोंदणी करावी. तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही लागते, आणि ऐन वेळी गुरुजी गावाला गेलेले असतात. आमचे प्रमाणपत्र मराठीत होते. मराठी कागदासोबत इंग्रजी भाषांतर आणि अनुवादकाचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. अनुवादक कुटुंबातला चालत नाही, मग तो कितीही जाणकार असो. कोर्ट नाक्याजवळ नोटरीकडे हे काम होते. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, हे लक्षात ठेवून पैसे बरोबर न्यावेत. भाषांतर, मुद्रांक आणि नोटरी मिळून मला अडीच हजारांच्या आत खर्च आला.

त्याहून नाजूक प्रश्न नावाचा होता. पत्नीचा पासपोर्ट, पदवी आणि विद्यापीठातली नोंद माहेरच्या नावाने आहे; आधार आणि बँकेचे खाते सासरच्या नावाने आहे, ज्यात मधले नाव माझे. आपल्याला यात काहीच वावगे वाटत नाही. पण परदेशातल्या अधिकाऱ्यापुढे दोन वेगवेगळ्या स्त्रियांचे कागद आल्यासारखे दिसते. म्हणून ती जाण्यापूर्वीच, ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे तिचे प्रतिज्ञापत्र करून ठेवले होते. विवाह प्रमाणपत्रावर लग्नापूर्वीचे आणि लग्नानंतरचे, अशी दोन्ही नावे होती, त्याचाही हवाला दिला. जोडीदार एकदा परदेशी गेला की असे प्रतिज्ञापत्र मिळवणे फार जिकिरीचे होते.

नाते खरे आहे हे दाखवण्यासाठी केवळ प्रमाणपत्रावर विसंबू नये. मी डिसेंबर २०२१ मधल्या लग्नापासूनची छायाचित्रे निवडली: मंगलाष्टकांच्या वेळी अंतरपाट धरलेला, दोन्हीकडचे आईवडील एका चौकटीत, पहिल्या दिवाळसणाचा घरगुती फोटो, कोकणातल्या तिच्या आजोळी घेतलेला एक. प्रत्येकाखाली इंग्रजीत तारीख, स्थळ आणि माणसांचे नाते लिहिले, कारण अंतरपाट काय असतो हे तिथल्या माणसाला ठाऊक असण्याचे कारण नाही. सोबत संयुक्त बँक खात्याचे विवरण, एलआयसी पॉलिसीतले नामनिर्देशन, भाडेकरारावरची दोघांची नावे, आणि ती गेल्यानंतरच्या व्हिडिओ कॉलची नोंद जोडली. गप्पांचे शेकडो स्क्रीनशॉट जोडण्याची काही गरज नाही. आमच्या खाजगी गप्पा कोणा परक्याने वाचाव्यात, असे मला वाटतही नव्हते.

वैद्यकीय तपासणी मी अर्जाआधीच, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात करून घेतली, आणि माझ्यासारख्या आरोग्य क्षेत्रातल्या माणसाने ती आधी करावीच असे मी म्हणेन. तपासणीशिवाय परमिट मिळाले, तर त्यावर आरोग्यसेवा, पाळणाघर आणि शाळा यांत काम करता येणार नाही, अशी अट छापली जाते. म्हणजे ज्या कामाचा अनुभव आहे, नेमके तेच काम बंद. ही तपासणी कोणत्याही डॉक्टरकडे चालत नाही, आयआरसीसीच्या यादीतल्या पॅनेल डॉक्टरकडेच करावी लागते. मी मुंबईतले केंद्र निवडले. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी आणि साधी शारीरिक तपासणी, असे सगळे एका सकाळीत झाले. आठ हजारांच्या आसपास खर्च आला. दर केंद्रागणिक बदलतो. रोज दुसऱ्यांचे रक्त घेणारा मी त्या दिवशी बाकावर बाही वर करून बसलो होतो, आणि रिपोर्टची वाट पाहणाऱ्याच्या जिवाची घालमेल मला त्या दिवशी कळली. निघताना डॉक्टरांकडून मिळणारा छायाचित्रासह पुरावा जपून ठेवावा, तो अर्जासोबत अपलोड करायचा असतो.

अर्ज ऑनलाइन असतो. देशाबाहेरून करायच्या वर्क परमिटचा आयएमएम १२९५ आणि कुटुंबाच्या माहितीचा आयएमएम ५६४५, हे माझे मुख्य दोन फॉर्म होते. दुसऱ्यात आईवडील, भावंडे सगळ्यांच्या जन्मतारखा लागतात. माझ्या वडिलांची शाळेतली जन्मतारीख आणि आधारवरची तारीख वेगळी निघाली, तेव्हा त्यांच्या पासपोर्टवर आहे तीच सर्वत्र लिहिली. एका फाइलला ४ एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे छायाचित्रे आणि विवरणे लहान करून एकत्र जोडावी लागतात. ज्या कागदांना वेगळी जागा नाही, ते सगळे 'क्लायंट इन्फॉर्मेशन' या एकाच ठिकाणी जातात. तिथे मी पहिल्या पानावर अनुक्रमणिका, मग स्पष्टीकरणाचे पत्र आणि त्यानंतर पुरावे असा क्रम ठेवला.

ते पत्र मी दोन पानांतच बसवले. मी कोण, पत्नी काय शिकते, तिच्या अभ्यासक्रमाची मुदत किती, नावांतला फरक का आहे, खर्च कसा भागणार, आणि परमिटची मुदत संपल्यावर मी नियमांनुसार वागेन याची खात्री कशावरून धरावी, एवढेच मुद्दे त्यात होते. कळव्याला आईवडील आहेत, त्यांची जबाबदारी माझ्यावर आहे, हेही लिहिले. ते लिहिताना मात्र हात थांबला होता. ज्यांना मागे ठेवून मी जाणार होतो, त्यांचेच नाव मी परत येण्याची हमी म्हणून देत होतो. आईला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "खरं आहे तेच लिहिलंयस ना? मग झालं."

२४ फेब्रुवारी २०२५ रोजी शुल्क भरून फाइल पाठवली. वर्क परमिटचे १५५ डॉलर, ओपन परमिटचे १०० आणि बायोमेट्रिक्सचे ८५, असे ३४० कॅनेडियन डॉलर झाले. रुपयांत एकवीस हजारांच्या आसपास. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीच सुरू करून ठेवावा. दुसऱ्याच दिवशी बायोमेट्रिक्सचे पत्र खात्यात आले. त्यानंतर ३० दिवसांच्या आत ठसे द्यायचे असतात. मुंबईतल्या व्हीएफएस केंद्राची, म्हणजे व्हिसासाठी ठसे आणि पासपोर्ट स्वीकारणाऱ्या केंद्राची, ४ मार्चची वेळ मिळाली. पत्र आणि मूळ पासपोर्ट घेऊन गेलो, ठसे आणि फोटो झाला, पत्रावर शिक्का मिळाला. हे ठसे १० वर्षे चालतात.

मग सुरू झाले थांबणे. याविषयी फारसे सांगण्यासारखे नसते आणि तरीही सगळ्यात जास्त थकवते तेच. खात्यात आठवडेच्या आठवडे एकच ओळ दिसत असे. ३० मार्चला गुढीपाडवा होता. लग्नानंतर दर वर्षी आम्ही कौपिनेश्वर मंदिराच्या स्वागतयात्रेला एकत्र जात असू. या वर्षी मी घराबाहेर पडलोच नाही. त्यातच २८ एप्रिलला कॅनडात निवडणूक होती आणि नवे सरकार नियम आणखी आवळेल, अशी चर्चा सगळीकडे चालली होती. दोन्ही देशांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये एकमेकांचे राजनैतिक अधिकारी परत पाठवले होते, त्याचीही भीती मनात होतीच. लॅबमध्ये सहकारी विचारत, "झालं का रे तुझं?" आणि नातेवाइकांपैकी काही जण विचारत, की बायकोच्या आधारावर जाणार म्हणजे तिथे तू करणार काय. या प्रश्नाला मी शांतपणे एकच उत्तर देत असे: मी तिथे काम करणार आहे, आणि त्यासाठीच हा परवाना मागतो आहे.

या काळात करण्यासारखी एक गोष्ट होती, ती केली. एप्रिलच्या अखेरीस पत्नीच्या पहिल्या सत्राचे गुणपत्रक आले, ते आयआरसीसीच्या वेबफॉर्ममधून फाइलला जोडले. विद्यार्थी खरोखर शिकतो आहे, याचा त्याहून चांगला पुरावा नाही. उगाच विचारणा करणारे फॉर्म मात्र भरू नयेत. साचेबद्ध उत्तर येते आणि मन आणखी खट्टू होते. पासपोर्ट सेवा केंद्रातून ५०० रुपये भरून पीसीसी, म्हणजे गुन्हा नोंद नसल्याचा पोलीस दाखलाही काढून ठेवला होता, पण मला तो कोणी मागितला नाही.

१७ जूनला रात्री पासपोर्ट मागवणारे पत्र आले. मी ते आधी पत्नीला वाचून दाखवले, मग आईवडिलांना. पासपोर्ट व्हीएफएसकडे जमा केला आणि जून संपता संपता व्हिसा चिकटवलेला परत आला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण अनेकांचा गैरसमज होतो: पासपोर्टवर चिकटवलेला कागद हा केवळ प्रवेशाचा व्हिसा असतो, तो वर्क परमिट नव्हे. खात्यात 'लेटर ऑफ इंट्रोडक्शन' येते, ते छापून न्यायचे असते आणि खरे परमिट कॅनडातल्या पहिल्या विमानतळावरचा अधिकारी छापून देतो.

रुग्णालयाचा नोटिस काळ पूर्ण करून मी ऑगस्टच्या सुरुवातीला निघालो. अनुभवाचे पत्र घेताना त्यात केवळ हुद्दा न लिहिता कामाचे स्वरूपही लिहून घेतले: कोणत्या विभागात, कोणत्या यंत्रांवर, कोणत्या चाचण्या. टोरोंटोला विमानतळावर अधिकाऱ्याने लेटर, पासपोर्ट, पत्नीच्या स्टडी परमिटची प्रत आणि विवाह प्रमाणपत्र पाहिले, ती कुठे शिकते एवढे विचारले आणि कागद हातात दिला. रांग मोठी असली तरी तो कागद तिथेच उभे राहून वाचावा. नाव, जन्मतारीख, मुदत आणि खाली छापलेल्या अटी, या चारही गोष्टी पाहाव्यात. माझ्या परमिटवर मुदत ३१ मार्च २०२७ होती, पत्नीच्या स्टडी परमिटइतकीच, आणि आरोग्यसेवेबाबतची अट नव्हती. पुढच्या विमानाला वेळ कमी असेल अशी तिकिटे काढू नयेत. मी पाच तासांचे अंतर ठेवले होते आणि त्यातले तीन तिथेच गेले.

सास्काटूनला पोहोचल्यावर सिन, म्हणजे तिथे नोकरी करण्यासाठी लागणारा सामाजिक विमा क्रमांक, काढला. तो मोफत असतो, कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. तात्पुरत्या रहिवाशांचा क्रमांक ९ ने सुरू होतो आणि परमिटबरोबर त्याचीही मुदत संपते.

वर्क परमिट मिळाले म्हणजे आपला व्यवसाय करण्याचा परवाना मिळाला, असे मात्र नाही. तिथे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर परदेशी शिक्षणाचे मूल्यांकन, परीक्षा आणि प्रांताच्या नियामक संस्थेकडे नोंदणी, असा वेगळा आणि लांबचा रस्ता आहे. माझे मूल्यांकन आता सुरू आहे. त्यासाठी डीएमएलटीचा सविस्तर अभ्यासक्रम संस्थेच्या शिक्क्यानिशी लागतो, तो भारतातून निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावा. सध्या मी एका कलेक्शन सेंटरमध्ये सहायक म्हणून काम करतो.

पुढचा टप्पाही आम्ही आतापासून डोळ्यासमोर ठेवला आहे. पत्नीचा अभ्यासक्रम संपल्यावर तिला पदवीनंतरचे वर्क परमिट मिळेल आणि तेव्हा मी विद्यार्थ्याचा नव्हे, तर कामगाराचा जोडीदार ठरेन. जानेवारी २०२५ च्या नियमानुसार त्यासाठी तिची नोकरी टीअर (कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवानुसार ठरवलेली श्रेणी) ० किंवा १ मधली, अथवा टीअर २ आणि ३ मधल्या निवडक व्यवसायांपैकी असावी लागेल, आणि तिच्या परमिटची किमान १६ महिने मुदत शिल्लक असावी लागेल. माझे परमिट संपण्याआधी आणि कॅनडात राहूनच मुदतवाढीचा अर्ज केला, तर निर्णय येईपर्यंत मला जुन्या अटींवर काम करता येईल. म्हणून ती नोकरी शोधताना पगाराबरोबर त्या हुद्द्याचा टीअरही पाहणार आहे, आणि तिच्या नियुक्तिपत्रात कामाचे स्वरूप स्पष्ट लिहून घ्यायचे आम्ही ठरवले आहे.